ओपिनेल (घडीचा चाकू)

ओपिनेल : फ्रान्सच्या आग्नेय भागातील साव्हॉय या डोंगराळ प्रदेशात बनणारा, लाकडी मुठीचा घडीचा चाकू. पाते मिटून मुठीच्या खाचेत बसते, त्यामुळे म्यान लागत नाही. खिशात टाकला की झाले. झोझेफ ओपिनेल यांनी तो १८९० साली घडवला. खिशातल्या चाकूंचे शौकीन जगभर आहेत आणि प्रत्येकाचा आवडता चाकू निराळा असतो. तरीही महागामोलाच्या चाकूंच्या शेजारी अनेकांकडे हा स्वस्त, साधा चाकू मानाने ठेवलेला दिसतो. तो मान त्याला पात्यामुळे मिळाला आहे.

घडीच्या चाकूची कल्पना फार जुनी आहे. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे लोहयुगातला, हाडाच्या मुठीचा घडीचा चाकू सापडला आहे. ओपिनेल घराणे सँ-झाँ-द-मोरिएन या गावाजवळच्या आल्बिए-ल-व्ह्यू या खेड्यातले. झोझेफ यांचे वडील कुऱ्हाडी, कोयते अशी शेतकऱ्यांची अवजारे घडवत. १८७२ मध्ये जन्मलेल्या झोझेफ यांना यंत्रांची ओढ होती. अठराव्या वर्षी त्यांनी खिशात मावेल असा शेतकऱ्याचा चाकू घडवला आणि पुढे त्याच्या मुठी यंत्रावर करायला घेतल्या. १८९७ मध्ये एक ते बारा अशा नंबरांची मापे ठरली. सर्वांत लहान एक नंबरचे पाते जेमतेम दोन सेंटिमीटरचे होते, बारा नंबरचे बारा सेंटिमीटरचे. एक आणि अकरा हे नंबर १९३५ मध्ये बंद झाले. बाकीचे चालू आहेत, आणि त्यांत आठ नंबर सर्वांत लोकप्रिय आहे. त्याचे पाते साडेआठ सेंटिमीटरचे आणि वजन पन्नास ग्रॅमच्या आत असते.

पात्यावर मुकुटाखाली आशीर्वादाचा हात कोरलेला असतो. ही खूण १९०९ पासूनची. हात सँ-झाँ-द-मोरिएनच्या नगरचिन्हातला आहे. तिथल्या कॅथीड्रलमध्ये संत योहानाच्या बोटांचे अवशेष जपले आहेत अशी श्रद्धा आहे. मुकुट साव्हॉयच्या जुन्या डचीचा, म्हणजे ड्यूकच्या राज्याचा.

संपूर्ण चाकूत सुटे भाग पाचच : पाते, मूठ, आरपार जाणारा खिळा, मुठीच्या तोंडाशी घट्ट बसवलेले धातूचे कडे आणि त्यावर फिरणारे दुसरे कडे. स्प्रिंग नाही, स्क्रू नाही. बहुतेक घडीच्या चाकूंमध्ये पात्याच्या मागे पोलादाची पट्टी असते आणि ती पात्याला उघडे किंवा मिटलेले धरून ठेवते. ओपिनेलमध्ये हे काम लाकडाची पकड करते. सुरुवातीच्या चाकूंना खटका नव्हता, त्यामुळे जोर लावताना पाते बोटांवर मिटण्याची भीती असे. १९५५ मध्ये झोझेफ यांचे पुत्र मार्सेल ओपिनेल यांनी फिरते कडे बसवले. पाते उघडून कडे अंगठ्याने थोडे फिरवले की कड्यातली फट पात्यासमोरून हटते आणि पाते मिटत नाही. सहा नंबरपासून पुढच्या मापांना हे कडे असते; पुढे त्यात सुधारणा होऊन मिटलेले पातेही त्यानेच अडवता येऊ लागले. याहून सोपा आणि भरवशाचा खटका प्रस्तुत लेखकाने पाहिलेला नाही. त्याला दोन हात लागतात, ही त्याची एकमेव अडचण. एका हाताने फांदी धरून दुसऱ्याने चाकू उघडायचा असेल, तर हा चाकू उपयोगाचा नाही.

चाकूची खरी परीक्षा पात्याच्या जाडीत होते. दुकानात जाड, भक्कम पाते हाताला छान वाटते. घरी आणून त्याने गाजर कापायला घ्यावे : धार कितीही तीक्ष्ण असली तरी अर्ध्यावर गेल्यावर गाजर कट्‌कन तडकते, कारण मागून येणारे जाड पाते पाचरीसारखे दोन्ही बाजू फाकवत जाते. ओपिनेलच्या आठ नंबरची पाठ दोन मिलिमीटरहूनही बारीक असते आणि तिथून धारेपर्यंत पाते निमुळते होत जाते. त्याने गाजर तडकत नाही, चिरले जाते. टोमॅटोची साल न दाबता कापली जाते, पेन्सिलीची ढलपी लांब आणि सलग निघते. या बारीकपणाची किंमतही आहे. डब्याचे झाकण उचकटायला किंवा स्क्रू फिरवायला टोक वापरले, तर ते वाकते किंवा मोडते. चाकूने कापावे, उचकटू नये, एवढी शिस्त ज्याला पाळता येते त्याच्यासाठी हे पाते आहे.

पाते दोन प्रकारच्या पोलादात मिळते. एकात सुमारे ०.९ टक्के कार्बन असतो आणि ते गंजते. दुसरे स्टेनलेस, त्यात क्रोमियम भरपूर असल्याने गंजाची काळजी कमी. साधे कार्बन पोलाद दगडावर चटकन धार धरते, आणि धार बसली की बोटाला लगेच कळते. मात्र कैरी किंवा लिंबू कापले की ते काळेनिळे पडते. आपल्याकडे जुन्या लोखंडी विळीवर कैरी चिरणाऱ्यांना हा रंग चांगला ओळखीचा आहे. तो गंज नव्हे. तो डाग पात्यावर मुरला की उलट गंज थोडा लांब राहतो. तांबूस ठिपके मात्र लगेच पुसावेत. सतत फळे कापणाऱ्याने आणि किनारपट्टीवर राहणाऱ्याने स्टेनलेस घ्यावा, हे सरळ मत आहे.

धार लावायला बारीक दगड आणि थोडे पाणी पुरते. पाते दगडाशी सुमारे वीस अंशांत टेकवून, दोन्ही बाजूंनी सारखे, मुठीकडच्या टाचेपासून टोकापर्यंत ओढावे. आडव्या धारेवर बोट फिरवून पाहण्यापेक्षा हातात लोंबत धरलेला वर्तमानपत्राचा कागद कापून पाहावा. पाते अडखळते तिथे धार लावायची राहिली आहे.

मूठ बहुधा बीच झाडाच्या लाकडाची असते. लाकूड ओल धरते, फुगते आणि पात्याला आवळते. कोकणातल्या एका पावसाळ्यात प्रस्तुत लेखकाचा आठ नंबर असा आवळला की नखाच्या खाचेत नख घालून ओढले तर नख मोडले, पाते हलले नाही. साव्हॉयच्या लोकांची यावर जुनी युक्ती आहे : कडे मोकळे करून मुठीचा शेवट दगडावर किंवा टेबलावर ठोकायचा, पात्याचे टोक थोडे बाहेर येते आणि पाठीला धरून ते उघडता येते. मूठ पाण्यात भिजत ठेवू नये. जवसाचे तेल दोन-तीनदा चोळून सुकू दिले की लाकूड ओल कमी धरते, आणि खिळ्याशी शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडला की पाते मोकळे फिरते. उन्हाळ्यात लाकूड सुकून पाते जरा सैल वाटू लागले, तर तो बिघाड समजू नये.

इतर देशांतही असे चाकू आहेत. स्विस चाकूचा कारखाना कार्ल एल्सेनर यांनी १८८४ मध्ये इबाख येथे काढला आणि १८९७ मध्ये अधिकारी चाकूची नोंदणी झाली. त्यात कात्री, पेचकस, डबा उघडायचे साधन अशी हत्यारे एकत्र असतात. कामे अनेक असतील तर तोच घ्यावा. मात्र नुसते कापण्यात ओपिनेल सरस आहे. जपानच्या मिकी शहरातला हिगोनोकामी म्हणजे वाकवलेल्या पत्र्याच्या मुठीत बसवलेले पाते आणि त्याला अंगठ्याने दाबायची शेपटी. तिथली मुले एकेकाळी त्यानेच पेन्सिली तासत. फ्रान्समधलाच लायोल देखणा असतो, पण लायोल हे गावाचे नाव असल्याने ते अनेक कारखाने वापरतात, आणि चाकूचा दर्जा त्यामुळे फार वेगवेगळा मिळतो. आपल्याकडे चाकू म्हटले की उत्तर प्रदेशातील रामपूरचा खटक्याचा रामपुरी आठवतो, पण त्याची लांबी आणि ठेवण खिशातल्या रोजच्या कामांसाठी नाही.

भारतातील शस्त्रविषयक नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्र ठरतात; घरगुती, शेतीच्या वगैरे कामांसाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. ब्रिटनमध्ये खटका नसलेला आणि तीन इंचांपर्यंत पात्याचा घडीचा चाकू बाळगता येतो, म्हणजे कडे नसलेला पाच नंबर चालतो, आठ नंबर सबळ कारणाशिवाय चालत नाही. विमानप्रवासात चाकू बहुधा जवळच्या पिशवीत नेता येत नाही; तो आधी सोपवायच्या सामानात ठेवावा लागतो.