नाशिकचं नाक

नाशिकच्या नावाच्या दोन कथा गावात कुणीही सांगेल. लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक (नासिका) कापलं ते इथं, ही एक. नऊ टेकड्यांवर वसलेलं ते नवशिख, ही दुसरी. दुसरी जरा शहाणी वाटते, पण मला ती पटत नाही. पांडवलेण्यांत सातवाहन राजा कण्ह याच्या काळचा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. लेणं कोरवून घेणाऱ्या महामात्राला (वरिष्ठ राजअधिकाऱ्याला) त्यात 'नासिकक', म्हणजे नासिकचा, म्हटलंय. 'नव'चा मागमूस नाही, 'ख'चाही नाही.

पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरच्या भाष्यात, तर मजाच आहे. 'नासिका'ला 'य' प्रत्यय लागला की तिचं 'नस्' होतं. नाकात घालायच्या औषधाला 'नस्य' म्हणतात ते त्यामुळेच. या हिशेबानं गावाचं नावही 'नस्य' व्हायचं. पण वर्ण (म्हणजे उच्चारातला ध्वनी) आणि नगर यांना या नियमातून सूट आहे, आणि उदाहरणं दिलीत ती नासिक्य वर्ण आणि नासिक्य नगर. अभ्यासक हे नगर म्हणजे आपलंच नाशिक मानतात.

मग 'स'चा 'श' कुठून आला? तो मराठीचा हात. 'इ' म्हणताना जीभ टाळूकडे उचलली जाते आणि आधीच्या 'स'लाही तिकडे ओढते. हिंदीतलं सींग आपल्याकडे शिंग, सीना (टाके घालणे) ते शिवणे, सिंदूर ते शेंदूर. नासिकचं नाशिक झालं ते याच रांगेत उभं राहून.

'नस्'चं कूळ मात्र फार लांब पसरलंय. लॅटिन नासुस, इंग्रजी नोज, जर्मन नाझं, रशियन नोस, लिथुआनियन नोसिस ही सगळी सख्खी-चुलत भावंडं. रशियन नोस समुद्रात घुसलेल्या भूशिरालाही म्हणतात. सराफ बाजारातली नथसुद्धा याच घरची: नाकाला पाडलेल्या भोकाला संस्कृतात 'नस्ता', प्राकृतात 'नत्था'. बैलाला नाथतात तेही हेच. रोजच्या बोलण्यातलं 'नाक' मात्र नासिकेवरून आलेलं नाही, ते प्राकृत 'णक्क'वरून आलं.

इथवर वारशाची गोष्ट झाली. पण फिनिश भाषा या कुळातली नाही, तरी तिच्यात नाक म्हणजे नेनॅ. अरबीत अन्फ. तमिळ मूक्कु, तेलुगू मुक्कु, कन्नड मूगु यांत 'न' नाही, पण 'म' आहे, आणि तोही अनुनासिकच. हे सगळे काही एका आजोबांचे नातू नाहीत.

एक करून बघा. 'म्म्म्' असा लांब सूर धरा आणि मध्येच नाकपुड्या चिमटीत पकडा. आवाज तिथंच बंद. आता 'स्स्स्' धरा आणि नाक दाबा. काही फरक पडत नाही. म, न म्हणताना टाळूचा मागचा मऊ भाग खाली येतो, तोंडाची वाट ओठांनी किंवा जिभेनं अडवलेली असते आणि हवा नाकातून जाते. पाणिनीनं हे एका सूत्रात बसवलंय: मुखनासिकावचनोऽनुनासिकः, म्हणजे तोंड आणि नाक मिळून उच्चारला जातो तो अनुनासिक. नाक दाबून 'नाशिक' म्हणून पाहा, 'दाशिक'च्या जवळपासचं काहीतरी निघेल. सर्दी झालेल्यांना हे सांगायला नको.

म्हणजे नाकाचं नाव घेताना नाकच वाजवायचं, असा माणसाचा कल असावा का? 2016 साली डॅमियन ब्लासी आणि सहकाऱ्यांनी जगातल्या जवळपास दोनतृतीयांश भाषांतले मूलभूत शब्द तपासले. नाकाच्या शब्दात 'न' आणि 'ऊ'सारखे ध्वनी अपेक्षेपेक्षा जास्त वेळा सापडले, जिभेच्या शब्दात 'ल'. जीभ हलवूनच 'ल' होतो, त्यामुळे तेही ओघानं आलंच. 'ऊ' दिसला की मला मूक्कु आठवतो.

अर्थात हा नुसता कल आहे. हंगेरियनमध्ये नाक म्हणजे ओर्र, स्वाहिलीत पुआ. दोन्ही शब्द नाक घट्ट दाबूनही अगदी स्वच्छ म्हणता येतात.