कॅन्सर झालेल्या मुलांच्या आईबापांच्या धीराचा विचार कधी सुरू झाला?

1948 पर्यंत ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर झालेलं मूल काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जायचं. त्या वर्षी बॉस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी अ‍ॅमिनोप्टेरिन देऊन काही मुलांचा आजार थोड्या काळापुरता मागे हटवल्याचं प्रसिद्ध केलं. ते औषध घडवणाऱ्या चमूचे प्रमुख होते आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव. मुलं जगू लागली, तसे आईबाप मात्र जास्त दिवस टांगणीला लागले. आज मुलांमधल्या नेहमीच्या ल्युकेमियाचे उपचार दोन-तीन वर्षं चालतात. एवढा काळ घरात ‘आज काउंट (रक्तपेशींची संख्या) किती आले?’ याच्यापुढे बोलणं जात नाही.

1955 मध्ये अमेरिकेत अशा मुलांच्या आयांचा अभ्यास झाला. आई स्वतःलाच दोष देते, हे डॉक्टरांनी तेव्हा लिहून ठेवलं. आपल्याकडे तो दोष द्यायला नातेवाईकही हातभार लावतात. नाशिकला तर त्र्यंबक जवळच; ‘कालसर्प करून टाका’ हा सल्ला रिपोर्टच्या आधी येतो. पूजेने मनाला बरं वाटत असेल तर जरूर करावी, पण ‘कुणाचं काय चुकलं’ हा शोध शेवटी आईवरच शेकतो.

पुढे 1990 च्या दशकात मानसशास्त्रज्ञ अ‍ॅन काझॅक यांच्या संशोधनातून दिसलं की मूल बरं झाल्यावरही आईबापांच्या मनावरचा आघात वर्षानुवर्षं टिकतो. 2015 मध्ये अशा मुलांना आणि कुटुंबांना द्यायच्या मानसिक आधाराचे निकष प्रसिद्ध झाले. त्यांत पालकांबरोबर भावंडंही आली आणि घरच्या पैशाच्या ओढाताणीची चौकशीही आली.

नाशिककरांना यातलं शेवटचं कुणी शिकवायला नको. 1941 मध्ये परळला टाटा रुग्णालय सुरू झालं. तेव्हापासून ‘टाटाला न्या’ हाच सल्ला. सकाळची पंचवटी एक्सप्रेस, मास्क लावलेलं पोर, मांडीवर रिपोर्टची जाडजूड फाइल. मुक्कामाला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. 2006 पासून सेंट ज्यूड या संस्थेच्या केंद्रांत अशा कुटुंबांना फुकट खोली आणि सामायिक स्वयंपाकघर मिळू लागलं. शेजारच्या शेगडीवर भाकरी टाकणारीचं पोर सहा महिने पुढे असतं; तोंड आलं की काय भरवायचं, ताप आला की किती धावायचं, हे तीच सांगते. समुपदेशकाच्या खोलीत जायला बिचकणारी बाई इथे मोकळी होते.

आता केमो नाशिकमध्येही मिळते. घरी राहता येतं, पण ती शेजारीण सुटते. आणि बाप? द्राक्षाची छाटणी तोंडावर असते, तो निफाडला. दुसरं लेकरू मामाकडे. समुपदेशनाला येते ती बहुतेक आईच. बापाशी कुणी बोललेलंच नसतं.