वर्गणीचं वर्गमूळ

गणपतीच्या वर्गणीची पावती फाडली की एक तुकडा तुमच्या हातात, स्थळप्रत मंडळाच्या पुस्तकात. पुढं खजिनदारानं पाचशेचे पन्नास केले तरी तुमचा कागद बोलतोच. ब्लॉकचेन म्हणजे असं पुस्तक, ज्याची अख्खी प्रत हजारो संगणकांवर असते. प्रत्येक पानावर मागच्या पानाचा गणिती ठसा, म्हणजे हॅश. मागं कुठं एक आकडा जरी खोडला तरी ठसे जुळत नाहीत. २००९ मध्ये बिटकॉइन याच युक्तीवर सुरू झालं. २०१५ मध्ये आलेल्या इथेरियम या दुसऱ्या ब्लॉकचेननं वाटपाचे नियमही प्रोग्रॅम करून त्यात ठेवायची सोय दिली. खजिनदाराच्या सहीची वाट बघायला नको.

पण सगळ्यांच्या कामाला पैसे द्यायचे कुणी? रंकाळा तलाव स्वच्छ झाला तर वर्गणी न देणाराही संध्याकाळी काठावर बसून भेळ खाणारच. मग जो तो म्हणतो, दुसरा देईल की!

यावर २०१८ मध्ये इथेरियमचा जनक विटालिक ब्युटेरिन, झोई हिट्झिग आणि ग्लेन वाइल यांनी एक सूत्र मांडलं. प्रत्येकाच्या वर्गणीचं वर्गमूळ काढा, बेरीज करा, त्या बेरजेचा वर्ग करा, तेवढी रक्कम त्या कामाला. शंभर घरांनी शंभर-शंभर रुपये दिले, तर वर्गमुळांची बेरीज हजार, वर्ग दहा लाख. जमले दहा हजार. उरलेले नऊ लाख नव्वद हजार देणगीदारांच्या सामाईक निधीतून. तेच दहा हजार एकट्या शेठनं दिले, तर वर्गमूळ शंभर, वर्ग पुन्हा दहा हजार. वरची भर शून्य! निधी अपुरा असला की भर त्याच प्रमाणात कमी होते, पण कौल माणसांच्या संख्येकडं झुकतो. गिटकॉइन हा इंटरनेटवरचा देणगी-मंच २०१९ पासून या पद्धतीनं मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना पैसे देऊ लागला.

संस्थेची निवडणूक जवळून बघितलेल्या कोल्हापूरकराला यातली फट लगेच दिसेल: बोगस सभासद. शेठनं तेच दहा हजार शंभर खोट्या नावांवर फोडले की नऊ लाख नव्वद हजार खिशात, आणि ब्लॉकचेन ती शंभर नावं इमानेइतबारे कायमची जपून ठेवणार. याला सिबिल (Sybil) हल्ला म्हणतात; कर्जाच्या सिबिल स्कोअरशी याचा संबंध नाही. त्यावर उपाय म्हणून गिटकॉइननं देणाऱ्याच्या ओळखीचे निरनिराळे पुरावे गोळा करून गुण द्यायला सुरुवात केली. मला तरी खरी मेख इथंच वाटते, हॅशमध्ये नाही.

आमच्या गल्लीत पावतीपुस्तक घेऊन येणारं पोरगं जिन्यातूनच सांगतं, “काका, वरच्या मजल्यावर कोण राहत नाही. कुलूप हाय.”