फिलिपिन्स-अभ्यास

फिलिपिन्स द्वीपसमूहाचा इतिहास, समाज, धर्म आणि साहित्य यांचा एकत्रित विचार करणारी ज्ञानशाखा. तिच्यापुढचा मूळ पेच साधनांचा आहे. १६व्या शतकापासूनचे बहुतेक लेखन स्पॅनिश अधिकाऱ्यांचे व मिशनऱ्यांचे. ज्यांच्याविषयी ते लिहिले, त्यांचा आवाज त्यातून शोधून काढावा लागतो.

हा शोध फिलिपिनो लेखक होसे रिझाल यांनी सुरू केला, असे म्हणता येते. मनिलातील अधिकारी आंतोनियो दे मोर्गा यांचा १६०९ चा ग्रंथ त्यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये उतरवून घेतला आणि स्वतःच्या टिपांसह पॅरिसहून प्रसिद्ध केला (१८९०). स्पॅनिश लोक येण्याआधीही इथे व्यापार, जहाजबांधणी आणि कारागिरी होती, हा त्या टिपांचा सूर. काही ठिकाणी तो गौरवाकडे झुकतो, पण दिशा त्यानेच दिली. अमेरिकी राजवटीत ब्लेअर व रॉबर्टसन यांनी ५५ खंडांत कागदपत्रांची इंग्रजी भाषांतरे छापली (१९०३–०९).

स्पॅनिशपूर्व काळाबद्दलचा बराच भ्रम इतिहासकार विल्यम हेन्री स्कॉट यांनी दूर केला. ‘कलांतियावची संहिता’ हा १४३३ चा म्हणून शाळांतून शिकवला जाणारा कायदा बनावट असल्याचे त्यांनी १९६८ च्या ग्रंथात दाखवले. खरा पुरावा पुढे गाळातून वर आला. लागुना प्रांतात १९८९ मध्ये सापडलेल्या ताम्रपटावर कावी या जावातील जुन्या लिपीत एका कर्जमुक्तीची नोंद आहे. आन्तून पोस्त्मा यांनी तो वाचला. त्यावरची तिथी मराठी वाचकाला उलगडून सांगावी लागत नाही: शके ८२२, वैशाख, कृष्णपक्ष चतुर्थी, सोमवार. म्हणजे २१ एप्रिल ९००.

धर्म आणि राजकारण यांचा संबंध इतिहासकार रेनाल्दो इलेतो यांनी १९७९ च्या ग्रंथात नव्याने मांडला. पवित्र सप्ताहात गावोगावी ‘पास्योन’ म्हणजे येशूच्या यातनांचे पद्यकथन गायले जाते. धर्मप्रसारासाठी आलेल्या याच काव्यातून शेतकऱ्यांना दुःख, सहवेदना (दामाय) आणि प्रकाश (लिवानाग) यांची भाषा मिळाली व तिच्यातूनच त्यांनी स्पॅनिश राजवटीविरुद्धची क्रांती समजून घेतली, असे ते म्हणतात. शिकलेल्यांच्या जाहीरनाम्यांऐवजी गाणी आणि प्रार्थना वाचायला लावणारा हा ग्रंथ या शाखेतला सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल.

टागालोग या फिलिपिन्समधल्या प्रमुख भाषेत ऐकणाऱ्याला धरून ‘तायो’ आणि त्याला वगळून ‘कामी’, असा भेद आहे. आपल्याकडे ‘आपण’ आणि ‘आम्ही’ आहेत तसाच. इतिहासकार झ्यूस सालाझार यांचा ‘पांतायोंग पानानाव’ हा विचार याच भेदावर उभा आहे: इतिहास परक्यांना ‘आम्ही असे आहोत’ हे पटवण्यासाठी न लिहिता आपल्या भाषेत, आपसांत लिहावा. या कसोटीवर रिझाल यांच्या स्पॅनिशमधल्या टिपाही ‘कामी’च्या बाजूला जातात.