अंगठ्यातली नखी आणि तारेवरचा कोपरा

अंगठ्यात घालायची नखी, म्हणजे थंब पिक, ही आवाज मोठा करण्यासाठी आणि अंगठ्याची कातडी सोलवटू नये म्हणून असते, असा गिटार शिकू लागलेल्या बऱ्याच मुलांचा समज असतो. नखी आणल्यावर पहिल्याच दिवशी आवाज कर्कश येतो, ती तारेत अडकते, आणि मग गिटारच्या पिशवीच्या कप्प्यात कायमची जाऊन पडते. वास्तविक नखीमुळे तारेला मिळणारी ऊर्जा फारशी वाढत नाही. बदलते ती नादाची जाती, म्हणजे सुराचा पोत, आणि ती नेमकी का बदलते हे कळले तर हाताला वळण लावणे पुष्कळ सोपे जाते.

गिटारची सहावी, सर्वांत जाड तार सुमारे ६५ सेंटीमीटर लांब असते आणि मोकळी छेडली असता सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते. नखीने तार ओढून धरली की तिच्या दोन सरळ बाजू होतात आणि नखीपाशी एक कोपरा तयार होतो. तार सुटल्यावर ती झोपाळ्यासारखी अख्खी मागेपुढे होते असे डोळ्यांना वाटते, पण तसे घडत नाही. त्या एका कोपऱ्याचे दोन कोपरे होतात. एक घोडीकडे, म्हणजे तारा लाकडाच्या पेटीवर जिथे टेकतात त्या पट्टीकडे, धावतो, दुसरा मानेच्या टोकाच्या पट्टीकडे, म्हणजे नटकडे, आणि दोघेही टोकावर आपटून उलटे होऊन परततात. सहाव्या तारेवर त्यांचा वेग सेकंदाला सुमारे १०७ मीटर असतो. घोडीपासून १३ सेंटीमीटरवर तार छेडली, तर पहिला कोपरा साधारण सव्वा मिलिसेकंदात घोडीवर पोहोचतो आणि दुसरा नटवरून फिरून यायला सुमारे ११ मिलिसेकंद घेतो. घोडीवर, आणि तिच्यामार्फत लाकडावर, जोर पडतो तो या आळीपाळीच्या धडकांमुळे. आपल्याला ऐकू येणारा सूर हा त्या धडकांचाच परिणाम होय.

या धडकांचे गणिती पृथक्करण केले की मूळ नाद आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे सहायक नाद मिळतात. छेडण्याच्या जागेचा परिणाम क्षणभर बाजूला ठेवला, तर आदर्श तारेच्या बाबतीत घोडीवरील जोरात दुसऱ्या नादाचा वाटा पहिल्याच्या निम्मा, तिसऱ्याचा एक तृतीयांश, असा उतरत जातो. जागेचा परिणाम मात्र फार मजेदार आहे. तारेच्या एक पंचमांश अंतरावर छेडले की पाचवा, दहावा, पंधरावा नाद गायब होतो, कारण त्या नादांना तिथे हलायलाच वाव नसतो. इंग्रज शास्त्रज्ञ टॉमस यंग यांनी १८०० साली मांडलेला हा नियम घरी पडताळता येतो. मोकळी तार बरोबर बाराव्या पडद्यावर, म्हणजे मध्यावर, छेडा आणि लगेच त्याच जागी बोट अलगद टेकवा. सूर जवळजवळ विझून जातो. तीच तार घोडीजवळ छेडून मध्यावर बोट टेकवा. वरच्या सप्तकातला सूर स्पष्ट रेंगाळतो.

मिरजेच्या वाचकांसाठी येथे थोडे थांबायला हवे. ज्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांपैकी तंबोऱ्यावर हा प्रयोग फसतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले की तंबोरा आणि वीणा या वाद्यांत, यंग यांच्या नियमाने जे नाद यायलाच नकोत, तेही खणखणीत ऐकू येतात. घोडीचा माथा रुंद आणि किंचित बाकदार असल्याने तार कंप पावताना त्याला सारखी लागते आणि सुटते, आणि त्यातून गायब झालेले नाद पुन्हा निर्माण होतात. जवारी काढणाऱ्या, म्हणजे घोडीचा माथा घासून तिचा नाद जुळवणाऱ्या, कारागिराच्या हाताला हे सूत्राशिवाय ठाऊक असते. गिटारच्या घोडीची पट्टी अरुंद असल्यामुळे ती बिचारी नियम पाळते, आणि म्हणून तिच्या बाबतीत तार कशाने व कुठे छेडली याला एवढे महत्त्व येते.

आता नखीकडे वळू. अंगठ्याचा मांसल भाग तारेला साधारण सेंटीमीटरभर रुंदीत स्पर्श करतो, त्यामुळे कोपरा टोकदार न होता गोलसर होतो. शिवाय कातडी सुटता सुटता थोडे कंपन शोषूनही घेते. जे नाद तारेवर एक-दोन सेंटीमीटर लांबीच्या लाटांनी उभे राहतात, ते अशा गोल कोपऱ्यातून उमटूच शकत नाहीत. सहाव्या तारेवर दोन सेंटीमीटरची लाट म्हणजे सुमारे ५,३०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितकी कंपने, आणि त्याच्या बऱ्याच खालपासून नाद दुबळे होऊ लागतात. नखीची धार मिलिमीटरभरही जाड नसते, त्यामुळे हे सगळे नाद शाबूत राहतात. माणसाचा कान २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वाधिक तल्लख असल्याने, मूळ नाद तेवढाच असूनही आवाज मोठा झाल्यासारखा वाटतो. कर्कशपणाही त्यातूनच येतो.

नखी स्वराची उंची मात्र ठरवत नाही. फार जोरात छेडल्यास ताण वाढून स्वर सुरुवातीला किंचित चढा लागतो, एवढेच. त्यामुळे नवशिक्याने ट्यूनरचा, म्हणजे स्वर दाखवणाऱ्या यंत्राचा, काटा थरथरतो म्हणून खुंट्या पिळत बसू नये. ४३२ हर्ट्झला वाद्य लावले की शरीरातील पेशी बऱ्या होतात, असे सांगणाऱ्या चित्रफिती मोबाइलवर फिरत असतात; हर्ट्झ हे एकक ज्या सेकंदावर आधारलेले आहे तो माणसानेच ठरवलेला आहे, हे पेशींना कोणी कळवले असावे, कोण जाणे.

अमेरिकेतल्या केंटकीचे गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस यांनी आणि पुढे चेट ॲटकिन्स यांनी गाजवलेल्या वादनात अंगठा खर्जाच्या तारांवर आलटून पालटून ठेका धरतो आणि वरच्या तारांवर बोटे चाल वाजवतात. तेथे नखीच्या जोडीला तळहाताची कड घोडीवर हलकी टेकवलेली असते. नखी तीक्ष्ण सुरुवात देते, तळहात तीव्र नाद लगेच मारतो, आणि खर्ज ढोलकीच्या थापेसारखा घट्ट वाजतो. म्हणून शिकताना नखी आणि तळहात यांचा सराव एकत्रच करावा. आधी फक्त सहावी आणि चौथी तार, मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारे यंत्र, मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून. नखीचे पाते अंगठ्याच्या पुढे आलेले असल्यामुळे हात सवयीने तारेत खोल जातो आणि पाते अडकते. टोकाचा दोन-तीन मिलिमीटर भागच तारेखाली जाईल इतका हात वर उचलावा. पाते तारेला समांतर नसले तर जाड तारेच्या गुंडाळीवर खरखर ऐकू येते. नखी सैल असेल तर फिरते, घट्ट असेल तर अंगठा बधिर होतो. प्लॅस्टिकची नखी गरम पाण्यात धरून वळवता येते, पण ज्योतीवर कधीही धरू नये, कारण सेल्युलॉइड भडकन पेट घेते. एवढे करूनही आवाज बोचत असेल, तर पात्याची कड बारीक पॉलिश पेपरवर घासून गोलसर करावी आणि हात घोडीपासून चार बोटे दूर सरकवावा.