एन्झो बेआरझोत : मोठा क्लब न सांभाळता जगज्जेता झालेला प्रशिक्षक

१९८२चा फुटबॉल विश्वचषक म्हटलं की इटलीचा आघाडीवीर पाओलो रॉसी आठवतो. रॉसीला संघात घ्यायचा हट्ट धरणाऱ्या प्रशिक्षकाबद्दल मात्र आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही.

एन्झो बेआरझोत १९२७चा, ईशान्य इटलीतल्या फ्रिउली भागातला. खेळायचा मधल्या फळीत. काम समोरच्याला रोखायचं, नाव गाजण्यासारखं नव्हे. क्लब म्हणजे इंटर, कातानिया आणि सर्वांत जास्त काळ तोरिनो. देशाकडून एकच सामना मिळाला, १९५५मध्ये बुडापेस्टला. समोर पुश्काशचा हंगेरी, निकाल ०-२.

१९६४ला खेळणं थांबवून तो तोरिनोतच प्रशिक्षणाकडे वळला. त्यानंतर तिसऱ्या श्रेणीतला प्रातो क्लब आणि मग थेट फुटबॉल महासंघाची नोकरी. आधी २३ वर्षांखालचा संघ, मग राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक वाल्कारेज्जी यांचा मदतनीस, १९७५पासून त्यांच्यानंतरचे प्रशिक्षक बेर्नार्दिनी यांचा जोडीदार आणि १९७७पासून राष्ट्रीय संघाचा एकटा सर्वेसर्वा. वरच्या श्रेणीतला एकही क्लब त्याने मुख्य प्रशिक्षक म्हणून सांभाळला नाही. पत्रकारांना हे खुपायचंच.

१९७८ला तरुण रॉसी आणि बचावपटू काब्रिनी यांना त्याने अर्जेंटिनातल्या विश्वचषकात उतरवलं. इटलीने गटात यजमानांनाही हरवलं, चौथा क्रमांक पटकावला. पण १९८०च्या सामनानिश्चिती प्रकरणात रॉसीवर दोन वर्षांची बंदी आली. ती संपली तेव्हा लीगचे जेमतेम तीन सामने उरले होते. तरीही बेआरझोतने त्याला १९८२च्या विश्वचषकासाठी स्पेनला नेलं आणि त्या मोसमात लीगमध्ये सर्वाधिक गोल केलेल्या प्रुत्सोला घरी ठेवलं. टीकेची झोड उठली. त्यात पहिले तिन्ही सामने बरोबरीत सुटले. कॅमेरूनपेक्षा एक गोल जास्त म्हणून इटली कशीबशी पुढे सरकली. वैतागलेल्या खेळाडूंनी पत्रकारांशी बोलणंच बंद केलं. बोलायचा तो फक्त कर्णधार आणि गोलरक्षक झोफ, आणि तो तर मुळातच अबोल! मग मात्र विजयांची रांग लागली : अर्जेंटिना २-१, ब्राझील ३-२ (तिन्ही गोल रॉसीचे), पोलंड २-०, आणि अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनी ३-१.

बेआरझोतचा संघ नुसता बचाव करणारा होता असं म्हटलं जातं, ते मला पटत नाही. अंतिम सामन्यातला दुसरा गोल पाहा : शिरेआ आणि १८ वर्षांचा बेर्गोमी, दोघेही बचावपटू, जर्मनीच्या पेनल्टी क्षेत्रात एकमेकांना पास देतायत, आणि शिरेआकडून आलेल्या चेंडूवर मधल्या फळीतल्या तार्देल्लीचा डावा पाय बसतो. परतीच्या विमानात पत्ते रंगले : बेआरझोत आणि संघातला काउझिओ विरुद्ध राष्ट्राध्यक्ष पेर्तिनी आणि झोफ. मधे टेबलावर चषक.

पुढे आपल्या खेळाडूंवरचा हाच विश्वास अंगाशी आला. जुन्यांना धरून राहिलेली इटली १९८४च्या युरोसाठी पात्रही ठरली नाही. १९८६ला मेक्सिकोत फ्रान्सने बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात तिला २-० ने घरी पाठवलं आणि बेआरझोतने पद सोडलं. रॉसी त्याही संघात होता, पण त्याला एकही सामना खेळायला मिळाला नाही.