लॅपटॉपच्या पोटातला माठ

नवतप्यातली दुपार. गावातल्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात कूलर घरघरतोय आणि त्याच्यावर ताण करत लॅपटॉपचा पंखा ओरडतोय. रांगेतले काका विचारतात, "काहून बोंबलते हे एवढं?"

बोंबलण्यासारखंच आहे. अंगठ्याच्या नखाएवढ्या चिपमध्ये, म्हणजे प्रोसेसरमध्ये, 15 ते 45 वॅट वीज शिरते आणि जवळजवळ सगळीची उष्णता होते. डाग द्यायचं साधं सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं असतं, यावरून अंदाज घ्या.

ही उष्णता चिपवरून उचलते ती तांब्याची चपटी नळी, हीट पाइप. वरून भरीव पट्टी वाटते, पण आत पोकळ. हवा काढून टाकलेल्या त्या पोकळीत थोडंसं पाणी असतं. दाब इतका कमी, की 40-50 अंशांतही त्याची वाफ होते. वाफ चिपची उष्णता घेऊन नळीच्या दुसऱ्या टोकाला जाते, तिथे पातळ पत्र्यांच्या जाळीपाशी थंड होऊन पुन्हा पाणी होते. आतल्या सच्छिद्र तांब्यातून ते पाणी, वातीत तेल चढावं तसं, आपोआप चिपकडे परततं. पंप नाही, मोटर नाही. 1963 साली अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ही नळी बनवली, ती अंतराळातल्या कामासाठी.

म्हणजे माठच की! पण पूर्ण नाही. माठातली वाफ कोरड्या हवेत निघून जाते, म्हणून पाणी बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतं. नळीतली वाफ कोंडलेली. ती उष्णता फक्त जाळीपर्यंत वाहून नेते. पुढे पंखा तिच्यावर खोलीतलीच हवा मारणार. खोलीपेक्षा गार होणं लॅपटॉपच्या नशिबात नाही.

समजा, भरपूर काम असताना चिप खोलीपेक्षा 50 अंशांनी जास्त तापते. डिसेंबरात 25 अंशांच्या खोलीत ती 75 वर राहील. मे महिन्यात, 45 अंशांत, थेट 95. बहुतेक प्रोसेसर 95-100 च्या आसपास जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतात. फॉर्म अडकतो तेव्हा दर वेळी दोष नेटचाच नसतो.

कूलरने खोली 32 वर आणली, की चिपही तेवढीच उतरते. फक्त लॅपटॉप कूलरच्या तोंडासमोर ठेवू नये. अकोला-अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यात कूलरच्या गवतावर जो पांढरा थर चढतो, तेच क्षार तुषारांबरोबर उडून आत बसतात. गोधडीवरही नको, बहुतेक लॅपटॉप खालूनच हवा ओढतात.

आणि वेचणीच्या दिवसांत घरात कापूस भरलेला असेल तर पंखा एकदा साफ करवून घ्यावा. त्या जाळीच्या फटी जेमतेम मिलिमीटरभर असतात. आमचा उघडला तेव्हा पंखा आणि जाळीच्या मधे राखाडी लव अशी दाबून बसली होती, की तिची वात वळता आली असती.